बक्कल

वाशीला सेक्टर सतरात, पहिल्या मजल्यावरच्या दुकानात
निकुंज नावाचा पोरगा मला सातवी बॅग दाखवतो.
आधीच्या सहा काउंटरवर तोंडं वासून पडल्यात
पाटीतल्या शिंगाळ्यांसारख्या.

"मॅडम, सामान कितीचं आहे?"
किमतीचं विचारतो की वजनाचं, कळत नाही.
मी वजनाचं सांगते :
दोन बॉड्या, तीन लेन्स, फ्लॅश, आठ सेल,
पुसायला बाबांचा जुना बनियन,
बामाची डबी.
उजवा खांदा डाव्याहून बोटभर खाली गेलाय.
ब्लाउज शिवणारी कुंदा टेप लावून म्हणाली,
हे कापडानं नाही झाकायचं.

मी हळदी काढते. घणसोली, तळवली, गोठिवली.
रात्री अकराला बँजो तापला
की नवऱ्याचे मामा कुणालाच सोडत नाहीत,
फोटोवालीला तर नाहीच.
म्हणून पर्समधून पुडी काढली,
चिमूटभर हळद, वर बाटलीतलं पाणी,
आणि करड्या कॅनव्हासवर बोट टेकणार
तोच निकुंज ओरडला.
गल्ल्यावरचा मालक उठून आला.
"घेणार असाल तरच लावा."
"लावल्याशिवाय घेऊ कशी?"
शेवटी त्यानं आतून तुटक्या पट्ट्या आणून दिल्या.
करडी बाद. खाकी बाद.
काळीवर डाग दिसत नाही,
पण अस्तरही काळं,
काळ्यात काळं झाकण हरवतं
आणि झाकण सापडेपर्यंत वरात थांबत नसते.

"मग ही घ्या. एका हातानं उघडते. बघा."

चर्रर्र.

मागच्या पौषात, लग्नं नव्हती तेव्हा,
गोठिवलीची धवलारीण ठकूबाय गेली.
माझ्या शंभरेक फोटोंत ती आहे,
नवरीच्या खांद्यामागे, अर्धी,
गाताना उघडलेल्या तोंडानिशी.
एकटीचा एकही नाही.
लेकीनं निरोप धाडला, एक काढून जा.
खोलीत सगळ्याजणी रडून दमल्या होत्या.
पंखासुद्धा बंद.
मी गुडघ्यावर बसले, बॅगेचं झाकण ओढलं,
चर्रर्र,
मांजरपाट फाडावा तसं.
तो बाहेर ओट्यावर घडीतच होता अजून.
देवका दचकली. दाराकडे बघत म्हणाली,
"एवढ्यात?"

"व्हेल्क्रो नको," मी म्हटलं.
"का मॅडम? सगळे हीच नेतात."
"आवाज होतो."
तो हसला. दुकानाखाली
रिक्षावाले एकमेकांना हॉर्न मारत होते.

वरच्या फळीवरून मालकानंच काढली ती,
प्लॅस्टिकवर धूळ, जुना स्टॉक,
गुळाच्या रंगाचं जाड कापड, आत पांढुरकं अस्तर,
रुंद पट्टा, पितळेचं बक्कल.
मी कान लावला.
उघडली. मिटली.
परत उघडली.
निकुंज मालकाकडे बघत राहिला.
"हिला दोन हात लागतात हां.
तोवर एखादा फोटो सुटेल."
"सुटू दे."

बसमध्ये रिकामी बॅग डाव्या खांद्यावर घेतली.
त्या खांद्याला सवय नाही,
कोपरखैरण्यापर्यंत ती चारदा घसरली.

घरी आईनं हात धुतले, पदराला पुसले,
बक्कल दोनदा उघडून पाहिलं,
स्वयंपाकघरात गेली, मूठ मिटून आली,
आणि पांढऱ्या अस्तरात, अगदी कोपऱ्यात,
हळदीचं एक बोट ओढलं.
"रबाल्याची लागंल बेस्तरवारी.
पयली आपले हातची लागूं दे."

मग पट्टा ओढून बघत म्हणाली,
"कवऱ्याची गो?"
मी निम्मी किंमत सांगितली.